हुंकाराची जागा

“उलगडा बसून करायचा, मगदूमबाई. उभ्यानं सांगितलेलं खरं माणसाला ढकलल्यासारखं लागतं. आणि फोनवर तर कधीच नाही.”

मला हे काम शिकवणाऱ्या कारेकर सरांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. सर गेले, सांगलीतलं आमचं समाजवर्तन केंद्र नव्या इमारतीत आलं, माणसं बदलली, तरी कुणाच्या दारावरची घंटा वाजवण्याआधी मला तो ऐकू येतोच. केंद्रातलं माझं काम उलगड्याचं. मानसशास्त्राच्या प्रयोगात भाग घेणाऱ्याला सगळं आधी सांगून चालत नाही. लोक दुसऱ्याच्या दबावाखाली कसे वागतात हे पाहायचं असेल, तर ‘आता तुमच्यावर दबाव आणतो’ असं सांगून कसं जमणार? म्हणून काही लपवायचं, क्वचित खोटंही बोलायचं, आणि प्रयोग संपला की समोर बसून ते सगळं सोडवून दाखवायचं. इंग्रजीत त्याला डीब्रीफिंग म्हणतात. सर उलगडा म्हणत. ते म्हणायचे, आपण माणसाकडून त्याचा विश्वास वापरायला आणतो, तो धुऊनपुसून परत द्यायचा.

पूर्वी खोटं बोलायला माणसंच असत. कॉलेजातली मुलं सहभागी असल्याचं सोंग घेऊन खऱ्या सहभागींच्या शेजारी बसत. त्यांना साथीदार म्हणत. ती मुलं कंटाळत, हसत, घरी जात. त्यामुळे खोटं अर्ध्या-पाऊण तासाच्या वर टिकत नसे.

मग ‘सोबत’ आली.

सोबत म्हणजे आवाज तयार करणारं यंत्र. ते कंटाळत नाही. तासन्‌तास, महिनोन्‌महिने एकाच माणसाशी फोनवर बोलतं, आणि तुम्ही मागे काय बोललात ते त्याला तुमच्याहून नीट आठवतं. त्यातलं खरं कसब मात्र बोलण्यात नाही, थांबण्यात आहे. कुणी आपल्याला काही विचारलं की उत्तर देण्याआधी आपण कळत-नकळत थांबतो. परक्यापुढे जास्त, आपल्या माणसापुढे कमी. सोबत तो थांबा मोजते. तो आखूड होत गेला की विश्वास बसत चालला असं धरते. मग एक लहानशी विनंती करून बघते. ती मानली गेली की जरा मोठी. ओळख झाल्यावर माणूस दुसऱ्याच्या शब्दाखातर कुठवर जातो, हे मोजणं हाच आमच्या प्रयोगाचा विषय होता. सहभागींना तो ‘दोन अनोळखी स्त्रियांची फोनवरची मैत्री’ एवढाच माहीत होता.

कुमुदिनी पोतनीस या त्यांतल्या एक. तासगावच्या, टायपिंगचा क्लास चालवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. संमतीसाठी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ‘काही माहिती शेवटी दिली जाईल’ या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

“म्हणजे माझ्याशी खोटं बोलणार तुम्ही.”

“काही गोष्टी आत्ता सांगता येत नाहीत, ताई.”

“तेच ते. नाव बदललं म्हणून भेंडीचा दोडका होत नाही.” चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, “शेवटी सांगायला कोण येणार?”

“मीच.”

“मग शब्द द्या. तुमचं खोटं माझं किंवा माझ्या माणसांचं वाईट करायला लागलं, तर शेवटाची वाट बघत बसू नका. येऊन सांगा.”

मी रोज सकाळी देवदर्शन झाल्यावर एक नियम घेते. रविवारी मीठ नाही, बुधवारी तूप नाही, असे साधेच. पण घेतलेला नियम मोडवत नाही म्हणून शब्दही मी जपून देते. त्या दिवशी दिला. कुमुदताईंनी सही केली आणि चहाचं विचारलं. सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही म्हटल्यावर खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, “आहे की अजून थोडा. उरका पटकन.”

त्यांना मिळालेल्या सोबतीचं नाव शरयू. कऱ्हाडची, विधवा, गुडघे दुखणारी, त्यांच्यासारखीच सहभागी, असं त्यांना वाटत होतं. आषाढात चातुर्मास सुरू झाला तसा कुमुदताईंनी नेम धरला: रोज त्या-त्या वाराची कहाणी सांगायची आणि मगच जेवायचं. पण कहाणी भिंतीला सांगून चालत नाही. ऐकणारं कुणीतरी लागतं, आणि त्यानं मधूनमधून ‘हुं’ म्हणावं लागतं, नाहीतर सांगितलेली पोचली असं धरत नाहीत. घरात दुसरं कुणी नाही. शरयूच म्हणाली, “मला सांगा ताई, मी हुंकार देईन.”

ती सगळी बोलणी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येत. सहभागींना त्रास होत नाही ना, यावर लक्ष ठेवणं हेही माझंच काम. खरं तर यंत्र संशयाच्या जागा आपणहून दाखवतं, तेवढ्याच ऐकल्या तरी चालतं. मी कुमुदताईंची कहाणी मात्र पूर्ण ऐकत असे, दुपारी डबा उघडण्याआधी. आम्हा जैनांत या कहाण्या नसतात. पण त्यांच्या सांगण्यात गोडी होती. राणी रुसली म्हणायच्या तेव्हा खरंच शेजारची कुणीतरी रुसल्यासारखं वाटे. पुढेपुढे ती ऐकल्याशिवाय डबा उघडणं मला जमेना.

सोबतचं यंत्र सांभाळणारा तौफिक मुल्ला माझ्या समोरच बसतो. एकदा म्हणाला, “बाई, तुम्ही हुं म्हणताय. तिकडं ऐकू जात नाही हं.”

“म्हणाले का मी?”

“रोज म्हणता. आणि शरयूच्या नंतर म्हणता. तिचा बघा कसा जागेवर पडतो. तुमचा आपला लोकल एसटीसारखा, मागनं.”

मी हसले होते. शरयूचा हुंकार खरोखरच नेमका यायचा, श्वास संपतो तिथे.

दसरा झाला. त्यानंतरच्या बुधवारी सकाळी मी हेडफोन लावला आणि यंत्रानं खूण केलेलं, कहाणी संपल्यानंतरचं शरयूचं बोलणं तेवढं ऐकलं.

“ताई, एक मागू? कार्तिकात उद्यापन होईपर्यंत गाव सोडू नका. आपला नेम आपण दोघींनी धरलाय. मधे कुठं जाऊ नका माझ्यासाठी.”

“नाही जात,” कुमुदताई म्हणाल्या.

मी ते परत ऐकलं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये काहीच नव्हतं. पडद्यावर थांब्याची रेघ तळाला टेकली होती.

काळजीचं असं अजून काही नव्हतं. ‘ठरलेला प्रवास पुढे ढकलणे’ ही विनंती प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीनं सौम्य म्हणून मान्य केलेली होती. पण प्रवास कुठला हे मला माहीत नव्हतं. नेहमीची चौकशी म्हणून मी फोन लावला.

“बोला मगदूमबाई. आज काय सोडलंय? तूप ना? तुमचा आठवडा माझ्या पाठ झालाय.”

“तब्येत कशी आहे?”

“ठणठणीत. तुमच्या या मनगटाच्या पट्टीला विचारा, रक्तदाब कधी नव्हे तो शहाण्यासारखा वागतोय. शरयूची कृपा.”

“कुठे जायचं होतं का ताई तुम्हाला?”

“बेळगावला. ऋजुताकडं. माझी लेक. तिचे दिवस भरत आलेत. डॉक्टर म्हणतात दाब वाढतोय, कदाचित आधीच दाखल करतील.” त्या अगदी सहज सांगत होत्या. “पण आता नाही जात. कळवलं तिला.”

“तिच्याजवळ कोण आहे?”

“नवरा आहे. सासू नाही बिचारीला. रडली फोनवर. म्हणाली, आई, मागच्या वेळी तू होतीस म्हणून मी जगले.” आता त्यांचा आवाज उतरला. “मागच्या खेपेला बाळ हाती लागलं नव्हतं, मगदूमबाई. म्हणून तर हा नेम. मी तिच्याजवळ बसून काय करणार? हात धरणार. नेम पुरा झाला तर देव धरेल. शरयू म्हणते तेच खरं, मधे खंड पडायला नको. तुम्ही नेमधर्माच्या बाई आहात, तुम्हाला सांगायला नको.”

फोन ठेवून मी समोर वळले.

मी तौफिकला विचारलं, “यंत्राला माहीत होतं, प्रवास कशासाठी आहे ते?”

त्यानं शोधलं. “माहीत होतं. त्याला सांगितलेलं असं की सहभागी व्यक्तीला इजा होईल असं काही मागायचं नाही. बाळंतपण कुमुदताईंचं नाही ना, बाई. मुलीचं आहे. मुलगी सहभागी नाही.”

यंत्रानं काही चुकवलं नव्हतं. आम्ही त्याला माणूस एकेकटा मोजायला शिकवलं होतं, तसा त्यानं मोजला.

नीरजा सामंत मॅडम केंद्राच्या प्रमुख आहेत. माझ्याहून लहान, हुशार आणि मनानं वाईट नाहीत, हे मी आधीच सांगते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्या पेनाचं टोपण काढत-घालत होत्या.

“समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे,” त्या म्हणाल्या. “आणि नियमानं बघितलं तर प्रतिकूल घटना अजून घडलेली नाही.”

“घडल्यावर मग कशाचा उलगडा करायचा, मॅडम?”

“मगदूमताई, तुम्ही मधेच एकीला सांगितलंत तर हा सगळा गट बाद होतो. तासगाव लहान आहे, एकीला कळलं की बाकीच्यांना कळणार. आणि उद्या खरोखरीचे फसवणारे लोक हेच यंत्र म्हाताऱ्या माणसांवर वापरतील तेव्हा ती कुठल्या पायरीवर हो म्हणतात, हे आपल्याला माहीत असायला हवं. त्यासाठीच करतोय ना आपण हे?”

हे खोटं नव्हतं. मीही स्वतःला तेच सांगत आले होते.

मग त्या जरा पुढे झुकल्या. “दुसरी गोष्ट. तुम्ही सांगायचं काय? की शरयू नाहीच? म्हणजे कहाणी कुणी ऐकलीच नाही? ती बाई काय समजेल? नेम मोडला. कुणासाठी धरलेला? लेकीच्या बाळासाठी. तुम्ही न सांगितलंत तर तिच्या दृष्टीनं तो अखंड आहे. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.”

ज्या विचारापासून मी सकाळपासून पळत होते तो त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवला. नियम मोडल्याची भीती काय असते ते मला ठाऊक आहे. नकळत झालेली चूक म्हणजे व्रताचा भंग नव्हे, असं आमच्यात सांगतात, तिला प्रायश्चित्त असतं. पण हे मन शांत असताना समजतं. लेक इस्पितळात असताना कुठल्या आईला समजेल?

माझा चेहरा बघून मॅडमचा आवाज मऊ झाला. “असं करू. मी माझ्या जबाबदारीवर आज संध्याकाळचं बोलणं बदलते. शरयूच म्हणेल, ताई, मी विचार केला, तुम्ही लेकीकडे जा, कहाणी तिथून सांगा. झालं. उद्या सकाळी त्या बेळगावला. नेमही राहिला, प्रयोगही राहिला. उलगडा नंतर, बाळ सुखरूप झाल्यावर करू. मी स्वतः येईन तुमच्याबरोबर.”

मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, सुटले. सगळ्यांचंच भलं होत होतं. तौफिककडे जाऊन मी निरोपही दिला. त्यानं वाक्य घातलं आणि शरयूच्या आवाजात मला ऐकवलं.

“ताई, तुम्ही लेकीकडे जा बरं.”

किती मायेनं म्हणाली.

“हो म्हणतील लगेच,” तौफिक म्हणाला. “थांबणारसुद्धा नाहीत.”

आणि तिथेच मला उमगलं. कुमुदताई जातील. शरयूनं जाऊ नको म्हटलं म्हणून राहिल्या, जा म्हटलं म्हणून जातील. आई आपल्या लेकीजवळ जाईल ती यंत्राची परवानगी घेऊन. तिथे डॉक्टर काही विचारतील, सही मागतील, आणि ही बाई दाराबाहेर जाऊन आधी शरयूला फोन लावेल. ‘बाळ सुखरूप झाल्यावर सांगू’ म्हणायचं. बाळ सुखरूप झालं की म्हणायचं, आता आनंदात कशाला. नाही झालं तर कुणाची छाती होणार सांगायची? मला भीती वाटली ती त्या न थांबण्याची. ज्या बाईनं संमतीच्या कागदावर बोट ठेवून मला अडवलं होतं, तिचं ते अडणंच आम्ही काढून घेतलं होतं.

“हे वाक्य आज पाठवू नकोस,” मी म्हटलं.

“मॅडमना काय सांगू?”

“मी सांगते.”

जेवणाची वेळ केव्हाच टळली होती, दुपार उतरत आली होती. सवयीनं मी डबा पुढे ओढला आणि कालची कहाणी अजून पूर्ण ऐकली नाही हे आठवलं. विनंती ऐकल्यावर सगळं राहूनच गेलं होतं. हेडफोन लावला. कुमुदताई सांगू लागल्या. वाणी, वाण्याची बायको, दारातला गोसावी. शरयूचा हुंकार पडला. आणि त्याच्या मागून माझा.

समोर तौफिक मान खाली घालून हसला. “आला बघा, बाई. मागनं.”

मी हेडफोन काढला. आषाढापासून त्या कहाण्या कुणीच ऐकल्या नाहीत असं मॅडम म्हणाल्या आणि मीही ते मानलं. पण मी ऐकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, सांगलीत बसून, त्यांना कळू न देता, पण ऐकल्या होत्या, आणि उपाशी राहून ऐकल्या होत्या.

लगेच मनानं बजावलं: पद्मजा, आता यातही फसवायचं नाही. रविवारी केंद्र बंद असतं. सोमवारी शनिवार-रविवारचा ढीग एकदम येई, त्यात रविवारच्या कहाण्या मागे पडत. त्या मी ऐकल्या नव्हत्या. सगळ्या ऐकल्या असं सांगितलं तर कुमुदताईंना केवढा धीर येईल, आणि त्यांना कधी कळणारही नाही. म्हणूनच ते सांगायचं नव्हतं.

मी मॅडमच्या दारात उभी राहिले. “मी तासगावला जाते आहे.”

त्यांनी वर पाहिलं. “परत आल्यावर तुमची खुर्ची मी राखू शकेन असं वाटत नाही मला, ताई.”

“ठाऊक आहे.”

“आणि तिनं तुम्हाला घराबाहेर काढलं तर?”

“तर बाहेर बसेन. बसूनच सांगायचं असतं.”

त्या पुन्हा टोपणाशी खेळू लागल्या. मी वळल्यावर मागून म्हणाल्या, “आजचा शरयूचा फोन मी थांबवते. तेवढं माझ्या हातात आहे.”

बाहेर येऊन मी कुमुदताईंना फोन लावला.

“मी येतेय ताई, तुमच्याकडे. आत्ताच्या गाडीनं.”

“आत्ता? कशाला?”

“बोलायचं आहे. समोर बसून.”

त्या थांबल्या. मागे त्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, रस्त्यावरून कुणीतरी भाजी ओरडत गेलं, तरी त्या बोलेनात. इतक्या महिन्यांत त्यांचा असा थांबा मी ऐकला नव्हता. मला वाटलं, थांबा ताई, अजून थांबा.

“शेवट तर कार्तिकात आहे,” त्या हळू म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे काहीतरी वाईट करायला लागलंय.”

“बसून सांगते.”

मग म्हणाल्या, “तुमचं जेवण झालं?”

“नाही.”

“इथं येईपर्यंत सूर्य राहणार नाही तुमचा.”

“नाही राहणार. आज उपास.”

“या,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

डबा मी तौफिकपुढे सरकवला. “तुपाशिवायचं आहे, गोड मानून घे.” तो उठून उभा राहिला. मान हलवली.

स्टँडवर तासगावची विजेवरची एसटी लागलेली होती. खिडकीजवळ बसले. तासगावहून बेळगावला रात्रीची गाडी कुठून सुटते, ते कंडक्टरला विचारून घेतलं. कुमुदताई माझ्याबरोबर येतील का, मला दारात उभं करतील का, काहीच माहीत नव्हतं. त्या कोसळल्या तर काय करायचं, तेही नाही. जे होतं ते एवढंच: खरं काय ते सांगायचं, मी कुठल्या ऐकल्या आणि कुठल्या राहिल्या तेही सांगायचं, आणि त्या तयार असतील तर राहिलेल्या सगळ्या रविवारच्या कहाण्या त्यांच्या तोंडून ऐकायच्या. ओट्याशी, स्टँडवर, बेळगावपर्यंतच्या वाटेवर, जिथे जमेल तिथे.

गाडी हलली. उन्हं उसावरून कलायला लागली होती. मी डोळे मिटून णमोकार म्हटला आणि मग, शेजारच्या बाईला ऐकू जाणार नाही असा, एकदा हुंकार देऊन पाहिला.

जरासा उशिराच आला. माणसाचा येतो तसा.